दहाचं पान

गणिताच्या बाईंनी गाडी ढकलत आणून दुकानासमोर उभी केली, स्टँड लावला, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "चौकात बंद पडली. गरम झाली की बंद पडते, गार झाली की चालू होते. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही टॅपेट सेट करून दिले होते ना?" बोलण्यात तक्रार नव्हती, नुसता प्रश्न होता, आणि शिक्षकांचा नुसता प्रश्न मला शाळेपासून सोसत नाही. मी गाडी आत घेतली. दुपारपर्यंत इंजिनाचं हेड खोललं आणि धूर सोडणारा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह काढून तळहातावर घेतला. गोल कड एका जागी जळून खपली निघाल्यासारखी झाली होती. महिन्यातली ही तिसरी गाडी. आधी पाववाल्याची, मग कुरियरवाल्याची, आणि आता बाईंची. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या गाडीचा व्हॉल्व्ह कधी जळाला नव्हता, आणि एका महिन्यात तीन. मी तो व्हॉल्व्ह उजेडात धरून फिरवला. समोर घुम्या चाकाचे आरे ओढत बसला होता. त्याने मान वर केली, माझ्या हातातली वस्तू बघितली आणि पुन्हा खाली बघायला लागला. काय झालं म्हणून विचारलं नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

घुम्या म्हणजे माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे, दुकानात निम्मा वाटेकरी आहे, आणि वीस वर्षांत त्याने उच्चारलेले शब्द एका पोस्टकार्डावर मावतील. नाव मीच ठेवलं, पहिल्याच आठवड्यात. गिऱ्हाइकंही त्याच नावाने हाक मारतात आणि तो ओ देतो. आता बेचाळीस वर्षांचा झाला तरी. घुमी माणसं मला पटत नाहीत. भांडणारा माणूस कसा, कुठे दुखतंय ते ओरडून सांगतो. घुमा आतल्या आत काय शिजवतोय ते झाकण काढल्याशिवाय कळत नाही. बायको म्हणते मी संशयी आहे. असेन. मेकॅनिकने संशयी नसावं तर काय न्हाव्याने असावं? गिऱ्हाईक येऊन सांगतं, ऑइल वेळेवर बदलतो हो. खोललं की आत डांबर निघतं. गिऱ्हाईक सांगतं, गाडी पडली वगैरे नाही कधी. हँडल एकीकडे, चाक दुसरीकडे. माणूस सांगतो त्यावर विश्वास ठेवून इंजिन दुरुस्त होत नाही. रोज आठ-दहा तास ही सवय लावायची आणि संध्याकाळी शटर ओढताना ती दुकानात ठेवून घरी जायचं, हे मला कधी जमलं नाही. घरीही मी बायकोच्या फोनवरच्या बोलण्याचा आवाज ऐकत बसतो. शब्द नव्हे, आवाज. तो खाली गेला की समजायचं, विषय माझा आहे.

टॅपेट हा तर संशयाचाच विषय. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये एक फट ठेवायची असते. इंजिन गार असताना ती मोजायची, कारण गरम झालं की लोखंड फुगतं आणि फट कमी होते. फट जास्त राहिली तर टिकटिक वाजतं. कमी राहिली तर काहीच वाजत नाही. फक्त व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, फटीतून आग निसटते आणि कड जाळते. नव्या गाडीचे पहिल्या हजार किलोमीटरला बघायचे, मग दर पाच-सहा हजारांना, वाजो न वाजो. गाडी रात्रभर उभी राहू द्यायची आणि सकाळी किक न मारता खोलायची. मला हे वस्तादांनी शिकवलं. वस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली ते. त्यांना एकच वाक्य शंभर वेळा सांगायची खोड होती. "वाजणारा टॅपेट बरा. तो सांगतो तरी. गप्प झालेल्यावर नजर ठेव." मी दुकान टाकलं तेव्हा त्यांनी मला स्वतःचं फिलर गेज दिलं. पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, पंख्यासारखा उघडणारा, प्रत्येक पट्टीवर तिच्या जाडीचा आकडा. आम्ही त्या पट्टीला पान म्हणतो. एक्झॉस्टला दहाचं पान, म्हणजे केसाहून जरा जाड. ते फटीत सरकवायचं आणि ओढायचं. अडकता कामा नये, मोकळंही येता कामा नये. मिटलेल्या वहीतून कागद ओढताना बोटांना जेवढं लागतं तेवढंच लागलं पाहिजे. बाकीची पानं मधे तुटली, बदलली, इनटेकचं तर दोनदा. दहाचं मात्र वस्तादांच्याच हातचं राहिलं. त्या पानाने मी माझं नाव कमावलं. गेल्या काही वर्षांत तर लोक लांबून यायचे, म्हणायचे, तुमच्या हातून गाडी गेली की आवाजच करत नाही. मी मान हलवायचो, जसं काही विशेष नाही.

वस्तादांचं ते वाक्य मला त्या दुपारी आठवलं. जळका व्हॉल्व्ह हातात होता, समोर खाली मान घालून आरे ओढणारा मेव्हणा होता, आणि वाक्य आठवलं ते त्याच्यासाठी. गप्प झालेल्यावर नजर ठेव. मी ठेवली. एकदा नजर ठेवायची म्हटलं की दिसायला काय, सगळंच दिसतं. रस्त्यापलीकडे वर्षापूर्वी काचेचं वर्कशॉप झालं होतं, आत गाड्या लिफ्टवर चढवतात, मेकॅनिकांना एकसारखे निळे शर्ट. घुम्या आठवड्यात दोनदा जेवणाच्या वेळी तिकडे गेला, आणि परत आला तेव्हा हात धुतलेले होते. तिथे कुणाशी हात मिळवला असेल? त्याच्या खिशात एक छोटी वही असायची. मी आलो की ती मिटायची. आणि सकाळ. मी नऊला येतो, तो सातला येऊन शटर उघडतो. इतकी वर्षं मला त्याचं कौतुक होतं, चारचौघांत सांगायचो की मेव्हणा असावा तर असा. आता मला पहिल्यांदाच प्रश्न पडला की सात ते नऊ हा माणूस एकटा दुकानात करतो काय. गाड्या रात्रभर दुकानात उभ्या. आदल्या दिवशी मी सेट केलेल्या, मालक दहाला न्यायला येणार. फटीचा स्क्रू पाव फेरा फिरवायला कितीसा वेळ लागतो? पाव फेरा, आणि सहा महिन्यांनी व्हॉल्व्ह जळतो, आणि जळतं नाव कुणाचं, तर माझं. मग गिऱ्हाईक वैतागून रस्ता ओलांडतं, आणि तिकडे निळा शर्ट घालून कोण उभं असतं? मला सगळं इतकं स्वच्छ दिसलं की त्या रात्री मी छान झोपलो. संशयाचा हा एक गुण आहे. शेंडी हातात आली की माणसाला गाढ झोप लागते.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच निघालो. बायकोला सांगितलं, फिरायला जातो. गेल्या दहा वर्षांत मी फिरायला गेलेलो नाही, त्यामुळे तिने नुसतं बघितलं. दुकानाच्या कडेला विजेची मोठी पेटी आहे, तिच्याआड उभा राहिलो. स्वतःच्याच दुकानावर पाळत ठेवताना माणूस कसा दिसत असेल याचा विचार आला, आणि तो मी झटकला. सातला पाच कमी असताना घुम्या आला. शटर अर्ध्यावर उघडलं. पिशवी खुंटीला लावली. मग त्याने मी काल केलेली लाल गाडी उजेडाकडे ओढली, टाकी सुटी केली, टॅपेट कव्हरचे बोल्ट काढले, आणि पिशवीतून काहीतरी काढून खाली वाकला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. माझं बरोबर निघालं होतं.

मी शटरखालून आत गेलो आणि ओरडलो, "पकडला!" त्याने दचकून मागे बघितलं. हातात स्क्रू पक्का धरणाऱ्या लॉकनटचा पाना होता. शेजारचा चावीवाला तेव्हाच दुकान उघडत होता, तो धावत आला, त्याच्यामागून इस्त्रीवाला. मी म्हणालो, "माझ्या केलेल्या कामाला हात लावतोस? किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं," तो म्हणाला.

दोन वर्षं! इतकं सरळ सांगितल्यावर तर माझं डोकंच फिरलं. मी खुंटीवरची त्याची पिशवी काढली आणि सगळ्यांसमोर बाकड्यावर उपडी केली. डबा. घामाचा रुमाल. त्याच्या बायकोच्या औषधाची चिठ्ठी. आणि नव्यासारखं जपलेलं एक फिलर गेज, अजून त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं. "हे कशाला?" मी म्हणालो. मग त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशात हात घालून ती वही काढली. त्याने हात आडवा आणला नाही. उभा राहिला, दवाखान्यात तपासणीला उभं राहतात तसा. वहीत गाड्यांचे नंबर होते, पानंच्या पानं. "गिऱ्हाइकं पळवायची यादी," मी चावीवाल्याला दाखवली. चावीवाल्याने वहीकडे बघितलं नाही, घुम्याच्या तोंडाकडे बघितलं.

"भावजी, एकदा ऐकून घ्या," घुम्या म्हणाला.

"बोल ना. बोल सगळ्यांसमोर."

त्याने चावीवाल्याकडे बघितलं, इस्त्रीवाल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि गप्प बसला. घुम्याच तो. मी म्हणालो, "मग चालता हो." त्याने आधी लाल गाडीचं कव्हर बसवलं, बोल्ट हाताने लावले, मग पान्याने आळीपाळीने आवळले, कड पुसली. मग डबा, रुमाल, चिठ्ठी पिशवीत भरली आणि निघून गेला. नवं गेज बाकड्यावर राहिलं, वही माझ्या हातात.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती भाकड प्रश्न विचारत नाही, हा तिचा दुर्गुण आहे. म्हणाली, "त्याने दुकानातून काय नेलं?"

"नेलं काही नाही."

"मग पिशवी कशाला झाडलीत?"

"बिघाड करत होता गाड्यांत. माझं नाव घालवायला."

"माझा भाऊ." एवढंच म्हणून ती भांडी लावायला लागली. एक एक भांडं, आवाज न करता. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "जिन्यावरून पडून पाय मोडला तेव्हा दोन महिने घरी होता ना. रोज मला फोन करायचा. काय विचारायचा माहितीये? भावजींनी आज टॅपेट किती केले. मी म्हणायचे, अरे, पायाचं सांग. तर म्हणायचा, पाय होईल बरा, टॅपेट किती केले ते सांग."

बघा, म्हटलं मी. घरी पडून सुद्धा माझ्यावर लक्ष. आणि ही त्याला खबर पुरवत होती, नकळत का होईना. ती वळली नाही. पुढे चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मीठ, चावी, फोन आलाय. आवाज खालीही गेला नाही की वरही आला नाही, आणि त्यामुळे मला ऐकायला काही उरलं नाही.

दुकानात एकट्याने काम ओढेना. चाक धरायला दुसरा हात नाही, आणि पाना मागायला हात मागे केला की तो तसाच रिकामा राहायचा. वीस वर्षं न मागता त्या हातात पाना यायचा, बारा हवा तर बारा, चौदा हवा तर चौदा, हे मला तेव्हा कळलं. पण कळून मी ते बाजूला सारलं, कारण मला पुरावा पुरा करायचा होता. वही उघडली. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात गाडीचा नंबर, आणि मग बारीक अक्षरात प्रत्येक ओळीत तेच: सापडला सात, केला दहा. सापडला सात, केला दहा. मधूनच सापडला सहा. मला हसू आलं. सापडला सात? मी दहाच्या पानाने सेट केलेला टॅपेट याला सात सापडतो? धडधडीत खोटं, आणि तेही दोन वर्षं रोज लिहून ठेवलेलं. चोराला खोटं लिहायची एवढी हौस कशाला असावी ते कळेना. पण हे त्याच्या तोंडावर फेकायचं तर आकडा हवा. मी वस्तादांचं गेज घेतलं आणि गल्लीच्या टोकाला लेथवाल्या टर्नरकडे गेलो. त्याच्याकडे बारीक जाडी मोजायचा मायक्रोमीटर आहे. म्हटलं, "हे दहाचं पान मोजून दे, आणि कागदावर लिहून दे."

टर्नरने पान पुसलं, मायक्रोमीटरच्या दोन टोकांत धरलं, खडखड वाजेपर्यंत फिरवलं. चष्मा वर केला, पुन्हा मोजलं. "टोकाला सात," तो म्हणाला. "मुळाशी दहा. पुढचं बोटभर झिजलंय."

"पोलाद आहे ते."

"पोलादच झिजतं. किती वर्षं ओढताय?"

मी म्हणालो, तुझा मायक्रोमीटर बिघडलाय. त्याने स्वतःचं नवं पान मोजून दाखवलं, दहा भरलं. मग माझ्या मनात आलं, हा टर्नर घुम्याच्या लग्नाला होता. दोघं एकत्र चहा पितात. मी खरंच असा विचार केला. त्या वेळी मला तो विचार अगदी शहाणपणाचा वाटला होता. मी ते पान अंगठा आणि बोटात धरून टोकापासून मुळापर्यंत सरकवलं. काही लागलं नाही. अर्ध्या केसाचा फरक, तो बोटाला काय लागणार? पण मी तर आयुष्यभर सांगत आलो की माझ्या बोटांना लागतो. अठ्ठावीस वर्षं, दिवसातून दहादा, वीसदा, तेच बोटभर टोक मी फटीतून ओढत होतो, आणि दर ओढीला ते कणभर कमी होत होतं, आणि दर वर्षी माझ्या गाड्या जास्त गप्प होत होत्या. लोक म्हणत होते, आवाजच करत नाही. मी मान हलवत होतो. टर्नरने विचारलं, "लिहून देऊ?" मी नको म्हणालो.

दुकानात येऊन वही पुन्हा काढली. तारखा बघितल्या. दोन वर्षं एक दिवस चुकलेला नाही, फक्त मधे दोन महिने कोरे. पाय मोडला होता ते दोन महिने. बाईंची गाडी त्या दोन महिन्यांत केलेली. पाववाल्याची त्याच दोन महिन्यांत. कुरियरवाल्याचीही. त्या दोन महिन्यांत मी काम कमीच घेतलं होतं; आठवून आठवून चौदा गाड्या मोजल्या. चौदांपैकी या तीन आल्या होत्या, बाकी रस्त्यावर होत्या, गप्प. माझ्या मागून येऊन माझी फट कुणी सारखी केली नव्हती अशा तेवढ्याच. मला खुर्चीवर बसवेना. माणसाला लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं ते मला तोवर माहीत नव्हतं, मला वाटायचं गाल गरम होतात. तसं नाही. हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. जगातल्या सगळ्यांवर मी संशय घेतला होता. गिऱ्हाइकांवर, पेट्रोलवर, स्पेअर पार्टवाल्यावर, बायकोच्या आवाजावर, वीस वर्षं पाना देणाऱ्या हातावर. एका पट्टीवर घेतला नव्हता.

घुम्याच्या घरी संध्याकाळी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. "या," म्हणाली, आणि पाणी आणायला म्हणून आत गेली ती परत आलीच नाही. घुम्या खिडकीपाशी बसला होता. मी उभ्यानेच म्हणालो, "पान मोजलं."

"किती भरलं?"

"सात."

"मी साडेसात धरत होतो," तो म्हणाला. "सहा का सापडतो ते कळत नव्हतं."

"सांगायचं होतंस मला."

"सांगितलं होतं. दोनदा." त्याने बोटं दाखवली, खरंच दोन. "पहिल्यांदा तुम्ही हसलात. दुसऱ्यांदा म्हणालात, वस्तादांच्या पानावर शंका घेणारा तू कोण."

मला आठवत नव्हतं. आणि मग आठवलं, सगळंच, त्याच्यामागे उभ्या असलेल्या गाडीच्या रंगासकट. मी विचारलं, "मग मला न सांगता करत राहिलास? दोन वर्षं?"

"काय करणार? लोकांच्या गाड्या होत्या. आणि तुमचं नाव होतं."

"समोरच्या वर्कशॉपात कशाला जायचास?"

"मायक्रोमीटर मागायला. तो दिला नाही, उलट कामाला ये म्हणाले. टर्नरकडे गेलो असतो तर तुम्हाला कळलं असतं."

मी म्हणालो, माझं चुकलं. हे दोन शब्द मी त्याला वीस वर्षांत म्हटले नव्हते, आणि म्हटल्यावर वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मी म्हणालो, परत ये. त्याने विचारलं, "त्या दोन महिन्यांतल्या गाड्या किती राहिल्या?"

"अकरा."

"बोलवून घ्या. शनिवारी संध्याकाळी आणून लावायला सांगा, रात्रभर गार होतील. रविवारी येतो मी."

मी अकरा जणांना फोन केले. प्रत्येकाने विचारलं, का, काय झालं, गाडी तर मस्त चाललीय, आवाजसुद्धा नाही. मी प्रत्येकाला सांगितलं की चूक माझी आहे आणि पैसे पडणार नाहीत. अकराव्या फोनपर्यंत ते वाक्य तोंडात बसलं. रविवारी सकाळी सातला दुकानात अकरा गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि घुम्या आला. नेहमीसारखा. पिशवी खुंटीला लावली. आम्ही कामाला लागलो. तो मॅग्नेटोचं चाक पान्याने फिरवून व्हॉल्व्ह मिटल्याची खूण जुळवायचा, दोन्ही रॉकर हलवून बघायचा, मोकळे आहेत ना, मग नवं पान घालायचा आणि आकडा सांगायचा. मी लिहायचो. "सात." "सहा." "सात." पिवळ्या गाडीला तो बराच वेळ एक एक पान घालून बघत राहिला, मग म्हणाला, "काहीच जात नाही. मिटलाय. आठवडाभरात ही पण गेली असती." मी शून्य लिहिलं. त्याने लॉकनट सैल केला, स्क्रू फिरवला, पान घातलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ओढून बघा." मी ओढलं. मिटलेल्या वहीतून कागद ओढताना लागतं तसं लागलं. "हे दहा?" मी म्हणालो. "हे दहा," तो म्हणाला. मला ते सैल वाटत होतं. इतकं सैल मी कधी सोडलं नसतं.

दहा गाड्या झाल्या. चालू करून बघितल्या तेव्हा प्रत्येक बारीक टिकटिकत होती. आधी माझे दात शिवशिवले, मग सवय झाली, आणि दहाव्या गाडीला तर बरं वाटलं. घुम्या हात पुसत म्हणाला, "उद्या बाईंच्या गाडीचं दुरुस्तीला दिलेलं हेड येईल. आलं की मी बसवतो." उद्या. मी बसवतो. मी म्हणालो, "चहा आणतो," आणि जवळजवळ पळतच कोपऱ्यापर्यंत गेलो. चहावाल्याला म्हटलं, दोन दे, चांगला दे. बायकोला फोन करून सांगितलं, त्याचं जेवण घरी कर. तिने श्वास घेतलेला ऐकू आला.

दोन पेले घेऊन मी परत आलो. अकरावी गाडी त्याने उजेडाला घेतली होती, पाठ माझ्याकडे. आणि शटरच्या अलीकडे, भिंतीपाशी, मी थांबलो. का, ते मला अजून सांगता येत नाही. मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या मनात त्याच्याबद्दल काही उरलं नव्हतं, शपथेवर सांगतो. पण पाय थांबले, मान पुढे झाली, आणि मी बघायला लागलो. त्याने लॉकनट सैल केला. स्क्रू किती फिरवला? पाव फेरा? पावाहून जास्त? पान कोणतं घेतलं? वाफ माझ्या तोंडावर येत होती. मी दोन्ही पेले हलू न देता धरले होते, खूप सराव असल्यासारखे. दहा श्वास असतील, फार तर बारा.

"आत या, भावजी," घुम्या म्हणाला. त्याने मागे बघितलं नव्हतं. गाडीचा आरसा त्याच्यासमोर होता. "चहा गार होईल."

मी आत गेलो. त्याने पेला घेतला, उभ्यानेच प्यायला, अकराव्या गाडीचा लॉकनट आवळला, पान ओढून पुन्हा खात्री केली, कव्हर बसवलं. हात धुतले. बराच वेळ धुतले. मग पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "हेड आलं की टर्नरला हाक मारा, तो बसवायला मदत करेल. मी त्या समोरच्यांना हो म्हणून टाकतो." रागाने म्हणाला असता तर मी भांडलो असतो, भांडून पायही धरले असते. तो रागाने म्हणाला नाही. वेळ झाली, निघतो, असं म्हणतात तसं म्हणाला आणि रस्त्याच्या कडेकडेने घराकडे गेला.

घरी बायकोने तीन ताटं मांडली होती. "तो कुठाय?" तिने विचारलं. कितीतरी सांगता आलं असतं. त्याला काम होतं, त्याचा पाय दुखत होता, संध्याकाळी येतो म्हणालाय. मी म्हणालो, "चहा घेऊन आलो आणि बाहेरच उभा राहून त्याला बघत बसलो. त्याने मला आरशात बघितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने एक ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.